वळूचे नाक आणि कंधार-देवणीची गुरे

गाय माजावर आली की नाही, हे ठरवण्याचे काम नांदेड आणि लातूरच्या खेड्यांत शतकानुशतके वळूच्या नाकाकडे होते. वळू निवडणे, त्याला पोसणे, नको असलेले गोऱ्हे खच्ची करणे ही कामे माणसाची. पण अमुक गायीची वेळ आज भरली की उद्या भरेल, याचा निकाल वळूच द्यायचा. लाल कंधारी आणि देवणी या मराठवाड्याच्या दोन नामवंत जाती पिढ्यान् पिढ्या अशाच निकालांवर घडल्या. गेल्या साठ-सत्तर वर्षांत कृत्रिम रेतन आले आणि वळूचे काम माणसाच्या डोळ्याकडे सोपवले गेले. इथल्या गोपैदाशीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल असूनही त्याची चर्चा फारशी झालेली नाही.

लाल कंधारीचे मूळ स्थान नांदेड जिल्ह्यातले कंधार. राष्ट्रकूटांच्या काळातले हे महत्त्वाचे नगर. तिथला भुईकोट किल्ला आणि जगत्तुंग सागर हा तलाव आजही त्याची साक्ष देतात. चौथ्या शतकात इथे राज्य करणाऱ्या सोमदेवराय राजाने ही गुरे जोपासली, अशी परंपरा पशुसंवर्धनाच्या पुस्तकांत नोंदवलेली असते. परंपरेला परंपरेइतकेच वजन द्यावे. मात्र कंधार, मुखेड, लोहा, बिलोली या पट्ट्यात आणि शेजारच्या अहमदपूरकडे एकरंगी गडद लाल जनावर पिढ्यान् पिढ्या टिकून आहे, हे उघड दिसते. त्याला लाखलबुंदा असेही म्हणतात. वळूचा रंग गायीपेक्षा गडद, अंग आटोपशीर, उन्हाळा सोसण्याची ताकद दांडगी. काळ्या, चिकट रानात औत ओढायला हाच बैल लागे.

देवणी त्या मानाने अलीकडची. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून सुमारे दोनशे वर्षांत ती घडली असे मानले जाते. देवणी, उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि सीमेपलीकडचा बीदर जिल्हा हा तिचा मुलूख. डोंगरपट्टी हे तिचे दुसरे नाव. तिच्यात तीन प्रकार ओळखले जातात: पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेला बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर अनियमित काळे डाग असलेला शेवेरा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि उस्मानाबादचे विभाजन होऊन लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. गुरांच्या मुलखाने मात्र या सीमा कधी फारशा मानल्या नाहीत. म्हणूनच देवणी महाराष्ट्राची आणि कर्नाटकाचीही आहे.

गावात वळू दोन वाटांनी येई. एक वाट धर्माची. मृताच्या नावाने गोऱ्हा सोडण्याचा वृषोत्सर्गाचा विधी गृह्यसूत्रांइतका जुना आहे. असा सोडलेला गोऱ्हा म्हणजे पोळ. त्याला कुणी जुंपायचे नाही, हाकलायचे नाही. तो गायरानात चरे, पिकात शिरला तरी लोक सोसून घेत आणि गावच्या गायी त्याच्याकडून फळत. दुसरी वाट जाणत्या शेतकऱ्याची. तो चांगल्या गायीचा गोऱ्हा खच्ची न करता राखून ठेवी आणि आजूबाजूचे लोक त्याच्या दारी गाय भरवायला आणत. जातीची शुद्धता राहिली ती मुख्यतः या दुसऱ्या वाटेने, कारण पोळ सोडताना प्रत्येकाने उत्तम गोऱ्हाच सोडला असेल असे नाही.

कळपात वळूचे वागणे ठरलेले असते. सकाळी गुरे गायरानाकडे निघाली की तो एकेका गायीच्या मागे जाऊन शेपटीखाली हुंगतो. कधी तिच्या कुशीला ढुशी देतो. गाय थांबून मुतते, तसे तो धारेत नाक आणि जीभ घालतो. मग मान लांब ताणून तोंड वर करतो, वरचा ओठ नाकपुड्यांपर्यंत मुरडतो आणि काही सेकंद, कधी अर्धा मिनिटसुद्धा, तसाच निश्चल उभा राहतो. गुराखी पोरांना वळू हसतोय किंवा दात विचकतोय असे वाटे. हा त्याच्या तपासणीचा कळसाचा क्षण असतो. गाय अजून तयार नसेल तर तो पुढच्या गायीकडे वळतो. तिची वेळ जवळ येत असेल तर एक-दोन दिवस आधीपासूनच तिची पाठ सोडत नाही, तिच्याजवळच चरतो, दुसऱ्या खोंडाला फिरकू देत नाही. गाय स्थिर उभी राहू लागली की ओठ मुरडण्यात तो बहुधा वेळ दवडत नाही.

या कृतीला शास्त्रात फ्लेमेन म्हणतात. कार्ल श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १९३० मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यामागचे इंद्रिय त्याच्याही आधी सापडले होते. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यविशारदाने १८११ मध्ये सस्तन प्राण्यांच्या नाकात, मधल्या पडद्याच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक लांबट नळी असल्याचे दाखवले. ही नळी कूर्चेच्या आवरणात असते आणि मागच्या टोकाला बंद असते. व्होमर या हाडालगत असल्यामुळे तिला व्होमेरोनेझल अवयव म्हणतात. जेकबसनचे इंद्रिय हे नावही तितकेच रूढ आहे. नेहमीचा वास नाकाच्या वरच्या भागातल्या पेशी घेतात आणि हवेत उडणारे हलके रेणू त्यांना पुरतात. जेकबसनच्या इंद्रियात द्रव भरलेला असतो. मूत्रातले, माजातल्या स्रावातले म्हणजे बळसातले, सहजी न उडणारे जड रेणूसुद्धा त्या द्रवातून आतल्या पेशींपर्यंत जातात. नळीशेजारच्या रक्तवाहिन्या आकसल्या की पोकळी रुंदावते आणि द्रव आत ओढला जातो, त्या फुगल्या की तो बाहेर पडतो. पिचकारीसारखे हे काम चालते.

गुरांमध्ये या नळीचे तोंड कुठे उघडते, हे बाजारात जनावर घेणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. वय ठरवण्यासाठी हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाचा जबडा उघडतो. खालचे दात मोजून आदत, चौसा की जुळलेला हे सांगतो. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, नुसती टणक गादी असते. त्या गादीच्या लगेच मागे टाळूवर शंकरपाळ्याच्या आकाराचा एक लहानसा उंचवटा दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे असतात. ही छिद्रे टाळूतून वर नाकात जाणाऱ्या नलिकांची आणि जेकबसनची नळी त्या नलिकांमध्येच उघडते. जिभेवर आलेले मूत्र वळू या उंचवट्यावर दाबतो, ओठ मुरडून नाकपुड्या झाकतो आणि त्याचा नमुना आत ओढला जातो.

नमुना खरोखर आत जातो का, हा प्रश्न बराच काळ तर्कावर सोडलेला होता. कॅलिफोर्नियातले लाडेविग आणि हार्ट यांनी १९८० मध्ये बोकडांवर त्याचा निकाल लावला. चमकणारा रंग मिसळून त्यांनी तपासले, तेव्हा ओठ मुरडलेल्या बोकडांच्या इंद्रियात रंग पार मागच्या भागापर्यंत पोचलेला आढळला. तिथून पुढचा रस्ता नेहमीच्या वासाहून वेगळा आहे. इंद्रियातले चेतातंतू मेंदूतल्या दुय्यम गंधकंदाकडे जातात आणि तिथून प्रजननाची संप्रेरके हलवणाऱ्या अधश्चेतकापर्यंत निरोप पोचतो. म्हणजे हा वास जनावराच्या वर्तनात आणि रक्तात उतरतो.

अशा निरोप्या रसायनांना फेरोमोन हे नाव १९५९ मध्ये पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर यांनी दिले. त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांच्या गटाने रेशमाच्या मादी पतंगाचे बॉम्बिकोल वेगळे करून पहिला फेरोमोन हाती दिला. जेकबसनच्या इंद्रियातली ग्राहक जनुके सापडायला मात्र १९९५ उजाडले. कॅथरिन ड्युलॅक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी ती उंदरात शोधली. पुढे २००२ मध्ये टीआरपीसी-२ हे एकच जनुक निकामी केलेले नर उंदीर परक्या नरावर हल्ला करीनासे झाले आणि नर-मादी भेद न करता जुगू पाहू लागले. माणसात हेच जनुक मृतावस्थेत आहे. गर्भात दिसणारी ती नळी प्रौढ माणसात फार तर एक खळगी बनून उरते. गायीचा माज वासावरून ओळखणे माणसाला का जमत नाही, याचे हे एक कारण. गुरांकडे अशा ग्राहकांच्या एका कुळातली चाळीसच्या आसपास कार्यक्षम जनुके आहेत. दुसरे कूळ त्यांच्यात पुरते बंद पडलेले आहे.

या इंद्रियाचे प्रकार एकाच जागी पाहायचे तर लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा पाहावी. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची पालखी निघते आणि माळावर घोडे, गाढवे, उंट, बैल, कुत्रे यांचा मोठा बाजार भरतो. घोडासुद्धा ओठ मुरडतो, किंबहुना गुरांपेक्षा जास्त ठसठशीत मुरडतो. पण घोड्या-गाढवांत टाळूची नलिका तोंडाकडे बंद असते, त्यामुळे त्यांच्या इंद्रियात पदार्थ शिरतो तो फक्त नाकातून. बैलबाजारात आणलेले बहुतेक जनावर खच्ची केलेले असते. त्याच्या नाकातले इंद्रिय शाबूत असते, पण वृषणांचे संप्रेरक नसल्यामुळे माजाच्या वासाची ओढ ओसरते. म्हणूनच शेकडो बैल आणि गायी एका माळावर शेजारी शेजारी बांधता येतात. जुन्या काळी गोऱ्ह्याचे वृषण ठेचून, बडवून खच्ची करत. ती पद्धत फार क्रूर होती. पुढे खच्ची करण्यासाठी बर्डिझोचा चिमटा आला. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजाराचा लौकिकही असाच बैलांवर उभा राहिला.

शेळ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय गंधाचा हिशेब पुरा होत नाही. लातूर, उस्मानाबाद आणि उदगीरकडची काळी उस्मानाबादी शेळी ही कोरडवाहू घराची रोकड. तिच्या कळपातला बोकड स्वतःच्या दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो आणि त्याचा उग्र दर्प लांबून येतो. खच्ची केलेल्या बोकडाला हा दर्प नसतो, हे खाटीक आणि धनगर दोघेही जाणतात. बोकड काही दिवस दूर ठेवून पुन्हा कळपात सोडला की थंड पडलेल्या शेळ्या माजावर येऊ लागतात, हाही जुना अनुभव. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये बोकडाच्या डोक्याच्या केसांतून निघणारे ४-इथाइलऑक्टेनॅल हे रसायन वेगळे केले आणि ते शेळीच्या मेंदूतल्या प्रजननाच्या केंद्राला चेतवते असे दाखवले. मेंढ्यांवरच्या प्रयोगांनी असा नराचा परिणाम मुख्यतः नेहमीच्या घ्राणेंद्रियातून होतो असे दिसले आहे. तेव्हा प्रत्येक गंधसंदेश जेकबसनच्या नळीतूनच जातो, हा समज सोडायला हवा. जनावर दोन्ही नाके एकत्र वापरते.

म्हशीच्या बाबतीत वळूच्या, म्हणजे हाल्याच्या नाकाचे मोल आणखी जास्त होते. मराठवाडी म्हैस अनेकदा मुक्या माजावर येते. ती हंबरत नाही, दुसऱ्या म्हशीवर उडत नाही, बळसही फारसा दिसत नाही. उन्हाळ्यात तर हे नेहमीचेच. माणसाला कळत नाही, पण हाल्याला मूत्रावरून कळते.

हे सगळे चालू असताना देशात दुसरी वाट तयार होत होती. भारतातले पहिले कृत्रिम रेतन १९३९ मध्ये म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपतकुमारन यांनी केले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत की-व्हिलेज योजना आली. १९४९ मध्ये इंग्लंडात ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिसरॉलच्या मदतीने वीर्य गोठवण्याची युक्ती शोधली होती. तिच्यामुळे पुढे उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवनत्रात ठेवलेली रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकू लागली आणि कुठेही नेता येऊ लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखाने गावांजवळ आले. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला बायफ या संस्थेची स्थापना केली आणि दारात येऊन गाय भरवण्याची पद्धत महाराष्ट्रभर पोचवली. परभणीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झाले, उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय उभे राहिले. औरंगाबादच्या हर्सूलला गोठित रेतन प्रयोगशाळा झाली आणि २००२ मध्ये अकोल्याला महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ आले.

कृत्रिम रेतनाने जे दिले ते थोडके नाही. एका उत्तम वळूची वासरे हजारो घरांत जाऊ लागली, सांसर्गिक रोग कमी झाले, वळू पोसण्याचा खर्च वाचला. पण वळू नसल्यामुळे माज ओळखायचा कुणी, हा प्रश्न शेतकऱ्याच्या गळ्यात पडला. गाय सरासरी २१ दिवसांनी माजावर येते. विदेशी किंवा संकरित गायीचा माज बारा ते अठरा तास दिसतो. देशी गायीचा त्याहून कमी टिकतो आणि बऱ्याचदा रात्री सुरू होतो. कंधारी गाय मध्यरात्री माजावर आली आणि सकाळपर्यंत थंड झाली, तर धनी झोपेत असतानाच २१ दिवस वाया जातात. कळपात वळू असताना रात्रीचा माज कुणाला जागून पाहावा लागत नव्हता.

मग डोळ्यांसाठी नियम बनले. हंबरणे, चारा सोडणे, दुसऱ्या गायीवर उडणे, निरणातून काचेसारखा पारदर्शक बळस लोंबणे, शेपटीला तो चिकटून वाळणे या खुणा प्रत्येक पशुधन पर्यवेक्षक सांगतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का इथे ट्रिंबर्गर यांनी १९४८ मध्ये मांडलेला नियम मराठवाड्यातल्या गोठ्यांतही पाळला जातो: सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी भरवावी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीजांड माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी सुटते, म्हणून हे अंतर. नियम चांगला आहे, पण माज कधी सुरू झाला हे माणसाने पाहिलेले असले तरच. वेळ चुकली की गाय उलटते म्हणजे पुन्हा माजावर येते, पुन्हा उलटते आणि शेवटी भाकड म्हणून बाजारात जाते. अशा कितीतरी गायींमध्ये खोट काहीच नसते, वेळ हुकलेली असते.

वळूचे नाक दुसऱ्या मार्गाने परत आणण्याचे प्रयत्नही झाले. मोठ्या प्रक्षेत्रांवर नसबंदी केलेला वळू कळपात फिरवतात. तो माजाची गाय दाखवतो, गाभण करत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये किडी आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना शिकवून माजावरच्या गायीचा वास ओळखायला लावले आणि कुत्र्यांनी ते काम चोख केले. माजाला स्वतःचा गंध आहे, याचा यापेक्षा सरळ पुरावा क्वचितच मिळेल. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या भारतिदासन विद्यापीठात जी. आर्चुनन यांच्या गटाने माजातल्या गायी-म्हशींच्या मूत्राचे आणि बळसाचे पृथक्करण केले, ते वळूंना हुंगायला दिले आणि कोणत्या नमुन्याला ते किती ओठ मुरडतात हे मोजले. म्हशीच्या माजातल्या मूत्रात त्यांना ४-मिथाइलफिनॉल महत्त्वाचे आढळले. मात्र माजाचा वास म्हणजे एखादे एकटे रसायन नसून अनेकांचे प्रमाणबद्ध मिश्रण असावे, असाच या क्षेत्रातल्या कामाचा कल आहे. बाटलीत भरून गोठ्यात फवारता येईल असा वळू त्यातून तयार झालेला नाही.

वळू गेल्याने आणखी एक गोष्ट हरवली, तिच्याकडे लक्ष उशिरा गेले. गंधाचा व्यवहार एकतर्फी नसतो. गायीच्या नाकातही तेच इंद्रिय असते. अमेरिकेत १९८४ मध्ये झॅलेस्की आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच व्यालेल्या मांसोत्पादक गायींचे दोन गट केले. एकात वळू ठेवला, दुसऱ्यात नाही. वळूच्या सहवासातल्या गायींचे ऋतुचक्र आधी सुरू झाले. पुढे नुसत्या वळूच्या मूत्राच्या संपर्कानेही असा परिणाम होतो का हे तपासले गेले आणि काही प्रयोगांत तो दिसला. दावणीला एकटी बांधलेली, वर्षभर वळूचा वास न लागलेली गाय व्याल्यानंतर लांबते, त्यात खुराकाची आबाळ हे मोठे कारण असते. पण वळूचा अभावही त्यात मिळवायला हवा.

वळू खेड्यांतून नाहीसा होण्यामागे एकटे कृत्रिम रेतन नाही. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची दावण रिकामी केली आणि चाऱ्याच्या टंचाईत जो दूध देत नाही तो आधी विकला जातो. नंतर सोयाबीन आले. लातूर त्याची मोठी बाजारपेठ झाली, खरिपातली ज्वारी मागे पडली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडीची गरज घटली. बैल नको तर गोऱ्हा नको आणि गोऱ्हाच नको तर त्यातून वळू कुठून राखणार? गायराने अतिक्रमणांनी आकसली, तसा वळू आणि गायी एकत्र चरण्याचा प्रसंगही उरला नाही. पोळ सोडण्याचा विधी झालाच तर त्या गोऱ्ह्याला हिंडायला मोकळे रान लागते, आणि तेच आता नाही.

ज्यांनी कंधारी आणि देवणीचे जातिवंत वळू आजही राखले आहेत, त्यांच्याकडे आसपासच्या गावांतून गायी येतात. आणलेली गाय वळूपुढे उभी केली की तो आधी हुंगतो, ओठ मुरडतो आणि पुष्कळदा तोंड फिरवतो. अशा वेळी जाणता मालक गाय परत धाडतो आणि दोन दिवसांनी पुन्हा आणायला सांगतो. कृत्रिम रेतन केंद्रात हा नकार मिळण्याची सोय नाही. तिथे धन्याने सांगितलेली वेळ धरून आणि हाताने तपासून रेतमात्रा द्यावी लागते. हर्सूलसारख्या केंद्रांत वीर्य घेताना वळूपुढे बहुधा दुसरा नरच उभा करतात आणि कृत्रिम योनीत वीर्य जमा करतात, त्यामुळे ज्यांची वासरे सर्वाधिक आहेत अशा वळूंपैकी कित्येकांनी माजावरची गाय कधी हुंगलेलीही नसते. त्यांची निवड आईच्या दुधावरून, अंगलटीवरून आणि वीर्याच्या प्रतीवरून होते. गायीची वेळ अचूक ओळखणे हा गुण त्या तक्त्यात कुठेच नाही. पूर्वी गायरानात जो वळू माज ओळखण्यात कमी पडे, त्याची वासरेच कमी होत. ती आपोआप होणारी निवड कंधार-देवणीच्या पट्ट्यात आता जवळपास थांबली आहे.